१३ वर्षांखालील आइस हॉकी गोलरक्षकांचे मूल्यमापन नेमके कशावरून करावे?

प्रश्न: निवडसमिती_सदस्य

नमस्कार.

आमच्या संघटनेच्या १३ वर्षांखालील स्पर्धात्मक संघासाठी लवकरच निवड चाचणी होणार असून या वेळी गोलरक्षकांच्या मूल्यमापनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मी स्वतः बचावफळीत खेळलो आहे. त्यामुळे इतर खेळाडूंचे स्केटिंग, त्यांचे पास आणि त्यांची खेळाची समज यांविषयी मी खात्रीने मत देऊ शकतो. गोलासमोर उभ्या असलेल्या मुलाविषयी बोलायची वेळ आली की मात्र 'किती गोल झाले' याखेरीज माझ्यापाशी दुसरे मापच नसते, आणि ते माप अपुरे आहे एवढे मला कळते.

जागा दोन आहेत आणि उमेदवार चार. पहिला मुलगा वयाच्या मानाने बराच उंच आहे. गेल्या हंगामात तो गटातल्या सर्वांत बलाढ्य संघाकडून खेळला आणि अडवलेल्या फटक्यांची त्याची टक्केवारी चौघांत सर्वाधिक आहे. दुसरा मुलगा चणीने लहान पण चपळ आहे. त्याचा संघ दुबळा असल्यामुळे त्याच्यावर दर सामन्यात फटक्यांचा भडिमार होत असे. तिसरी मुलगी आहे. तिने गोलरक्षणाचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतले असून तिच्या हालचाली अतिशय नीटनेटक्या दिसतात. चौथा मुलगा गोलरक्षणाकडे उशिरा वळला, त्याचे तंत्र कच्चे आहे, पण तो कोणताही पक (खेळातली रबरी चकती) सहजासहजी सोडत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. गेल्या हंगामाच्या आकड्यांना किती महत्त्व द्यावे? उंचीचा विचार करावा की करूच नये? आणि चाचणीची रचना कशी असावी, म्हणजे गोलरक्षकांविषयी खरोखर काही समजेल? आमच्याकडची नेहमीची चाचणी आक्रमकांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असते. एकामागून एक मुले येऊन फटके मारतात आणि गोलरक्षकाला मान वर करायलाही उसंत मिळत नाही.

उत्तर १: गोलरक्षक_प्रशिक्षक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण रचना चुकली तर बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे कितीही बरोबर असली तरी उपयोग होत नाही.

तुम्ही वर्णन केलेल्या चाचणीत पहिला फटका अडवून गोलरक्षक अजून गुडघ्यांवर असतानाच दुसरा फटका येतो. सामन्यात असे रिबाउंडच्या वेळी, म्हणजे अडवलेला पक उसळून परत समोर आला की, घडते. आक्रमण क्षेत्राच्या सीमेवरील निळ्या रेषेवरून मोकळ्याने चालत आलेल्या खेळाडूच्या बाबतीत घडत नाही. अशा सरावात झालेल्या गोलांची संख्या मोजणे म्हणजे सरावाची आखणी किती वाईट आहे ते मोजणे होय. त्यामुळे गोलरक्षकांसाठी वेगळा वेळ मागून घ्या. पूर्ण मैदान नाही मिळाले तरी अर्धे पुरेसे आहे. दोन फटक्यांच्या मध्ये गोलरक्षकाला उठून, जागा घेऊन, स्थिर होण्याइतका वेळ मिळालाच पाहिजे, आणि सुरुवातीला काही सोपे फटके देऊन त्यांचे अंग मोकळे करून घेतले पाहिजे.

त्या वेळेतला पहिला भाग पकशिवाय घ्या. क्रीझमध्ये (गोलासमोरच्या आखलेल्या भागात) एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे टी-पुशने, म्हणजे एक पाय जाण्याच्या दिशेला वळवून दुसऱ्याने ढकलत, जाणे, शफल करत छोटी पावले टाकणे, थांबणे, बटरफ्लायमध्ये, म्हणजे गुडघे टेकून पायांचे पॅड दोन्ही बाजूंना पसरून, खाली बसणे आणि दोन्ही पायांनी आलटून पालटून उठणे, एवढे पाहिलेत तरी पुष्कळ कळते. गोलरक्षक हा संघातला उत्तम स्केटरांपैकी एक असावा लागतो, ही गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण तो लांब अंतर कापत नाही. त्याचे सगळे स्केटिंग काही फुटांच्या आत, अचूक थांबण्यात आणि स्केटच्या कडा पकडण्यात असते. खाली बसलेला गोलरक्षक उजवीकडे जाणार असेल तर त्याने डावा पाय उभा करून त्याच्या कडेवर जोर घेतला पाहिजे. जे मूल दर वेळी एकाच सवयीच्या पायाने उठते ते एका बाजूला नेहमी उशिरा पोहोचेल, आणि हे उणेपण सामन्याच्या धावपळीत तुम्हाला दिसणारही नाही.

त्यानंतर फटके. इथे तुम्हाला तुमची जुनी सवय मोडावी लागेल: पककडे पाहू नका. मूल्यमापन करणारे बहुतेक जण पकचा पाठलाग करतात आणि फटका गोलाजवळ पोहोचला की मग त्यांची नजर गोलरक्षकावर जाते; तोपर्यंत महत्त्वाचे सगळे घडून गेलेले असते. तुम्ही गोलामागच्या काचेपाशी किंवा कोपऱ्यात उभे राहा आणि नजर गोलरक्षकावरच ठेवा. फटका सुटण्याच्या क्षणी त्याचे पाय थांबलेले होते का? पक आणि गोलाचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर तो उभा होता का? गोलरेषेपासून तो किती पुढे आला होता, आणि समोरचा खेळाडू पास देऊ शकत होता हे लक्षात घेता ते अंतर योग्य होते का? पक अंगावर आदळेपर्यंत त्याची नजर आणि मान पकबरोबर वळली, की शेवटच्या क्षणी डोके मागे झुकले?

या प्रश्नांची उत्तरे 'हो' अशी येत असतील आणि तरीही गोल झाला, तर तो गोल मी जवळजवळ विसरून जातो. उलट उत्तरे 'नाही' अशी येत असतील आणि पक योगायोगाने पॅडवर आपटून बाहेर गेला, तर त्या अडवण्याला मी गुण देत नाही. बारा वर्षांच्या वयात फटके मंद असतात, त्यामुळे चुकीच्या जागी उभे राहूनही नुसत्या हाताच्या चपळाईवर पुष्कळ काही निभावून जाते. वरच्या वयोगटात फटक्यांचा वेग वाढला की तेच मूल अचानक उघडे पडते.

पुढची पायरी म्हणजे अडवल्यानंतरचे काही क्षण. छातीवर आलेला पक त्याने कवटाळून धरला की समोर टाकला, खालचा फटका स्टिकने किंवा पॅडने कोपऱ्याकडे वळवला की क्रीझसमोरच्या धोक्याच्या पट्ट्यात परत दिला, आणि परत गेलाच असेल तर नजर आधी तिकडे वळली की शरीर? नजर आधी, मग खांदे आणि हात, मग पाय, हा क्रम ज्या मुलात आपसूक दिसतो त्याला शिकवता येण्यासारखे पुढे बरेच काही असते.

काही गोष्टींना या वयात कमी वजन द्या. खांबापाशी एक पॅड आडवे टाकून खांबाला टेकून बसण्याचे 'रिव्हर्स व्हीएच' तंत्र सध्या सगळ्यांना हवेसे वाटते, पण लहान चणीचे मूल तसे बसले की जवळच्या खांबालगतचा वरचा कोपरा संपूर्ण उघडा राहतो. ज्याला ते येत नाही त्याचे गुण कापू नका. ज्याला ते येते तो गरज नसतानाही ते वापरतो का, याकडे मात्र लक्ष द्या. तुमच्या तिसऱ्या उमेदवाराच्या नीटनेटक्या हालचाली याच कसोटीवर पाहा. ठरावीक सरावात सुबक दिसणारी हालचाल पास अनपेक्षित दिशेने गेल्यावर टिकते का, हे तीन विरुद्ध तीनच्या, छोट्या जागेतल्या सामन्यात लगेच कळते. टिकली, तर ती मुलगी चौघांत सर्वांत पुढे असण्याची शक्यता मोठी आहे.

उत्तर २: आकडे_पाहणारा

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

समजा एका सामन्यात २५ फटके आले आणि २ गोल झाले; टक्केवारी ९२. त्यांपैकी पॅडला जेमतेम लागून बाहेर गेलेला एक पक बोटभर आत असता तर गोल ३ झाले असते आणि टक्केवारी ८८ वर आली असती. एकाच मुलाविषयी, एकाच दिवशी, एका पकच्या जागेवरून आपण 'उत्तम' आणि 'साधारण' अशी दोन वेगळी मते बनवली असती.

हेच थोडे विस्ताराने पाहू. एखाद्या गोलरक्षकाची खरी क्षमता दर १०० फटक्यांत ९० अडवण्याची आहे असे धरले, तर ३० फटक्यांत सरासरीने ३ गोल होतील. पण संभाव्यतेचे साधे गणित मांडले तर साधारण पाच-सहा वेळांत एकदा त्याच्यावर एक गोल होईल किंवा एकही होणार नाही, आणि जवळजवळ तितक्याच वेळा पाच किंवा त्याहून अधिक गोल होतील. त्या मुलात काहीही बदललेले नसताना एका दिवशी तो नायक ठरतो आणि दुसऱ्या दिवशी संघाबाहेर जातो. चाचणीच्या सामन्यांत प्रत्येक गोलरक्षकाच्या वाट्याला येणारे फटके साधारण एवढेच असतात, म्हणून चाचणीतल्या गोलसंख्येला मी जवळपास शून्य वजन देईन.

पूर्ण हंगामाचा आकडा याहून बरा, पण तुम्हाला वाटतो तितका बरा नाही. ३०० फटक्यांवर त्याच ९० टक्क्यांच्या गोलरक्षकाला निव्वळ योगायोगाने २५ ते ३५ च्या दरम्यान कितीही गोल पडू शकतात; म्हणजे टक्केवारी ९१.७ दिसेल किंवा ८८.३ दिसेल. तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारांतला फरक याच मर्यादेत असेल, तर त्या फरकाला अर्थ नाही.

याखेरीज फटक्यांच्या प्रतीचा प्रश्न उरतोच. बलाढ्य संघाच्या गोलरक्षकावर फटके कमी येतात आणि त्यांतले बरेचसे बाहेरच्या बाजूने, कठीण कोनातून येतात, कारण त्याचे बचावपटू समोरच्याला मधल्या पट्ट्यात शिरू देत नाहीत. दुबळ्या संघाच्या गोलरक्षकावर गोलासमोरून, आडव्या पासनंतर आणि रिबाउंडवर फटके येतात. पक दोन्ही गोलांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेल्यानंतर लगेच मारलेला फटका सरळ येणाऱ्या फटक्यापेक्षा कितीतरी अवघड असतो, कारण गोलरक्षकाला नजर, शरीर आणि कोन तिन्ही बदलावे लागतात. या सगळ्याला कागदावर एकच नोंद मिळते: 'फटका'. त्यात लहान गटांतली मोजणी बहुधा एखादा पालक स्वयंसेवक करतो, आणि गोलाच्या बाहेरून गेलेला पक फटका म्हणून धरायचा की नाही यावर दोन स्वयंसेवकांचे एकमत नसते.

आकडे हवेच असतील तर स्वतः जमवा. चाचणीच्या सामन्यांत प्रत्येक फटक्यापुढे तीन खुणा करा: गोलरक्षकाला पक दिसत होता की समोर खेळाडू आड आले होते, फटक्याआधी आडवा पास झाला होता की नाही, आणि फटका सुटला तेव्हा त्याचे पाय स्थिर होते की नाही. तिसरी खूण सर्वांत मोलाची आहे, कारण ती बरीचशी त्याच्या स्वतःच्या हातात असते. दहांपैकी आठ वेळा स्थिर असणारे मूल आणि दहांपैकी चार वेळा स्थिर असणारे मूल यांतला फरक थोड्या फटक्यांतही दिसू लागतो, तेव्हा झालेल्या गोलांची बेरीज काही का असेना.

उत्तर ३: संघ_प्रशिक्षक

वरची दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी संघाच्या बाकावर उभे राहणाऱ्याच्या बाजूने काही आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पाय स्थिर होते का, नजर आधी वळली का, हे सर्व साधन आहे. साध्य पक गोलाबाहेर ठेवणे हेच आहे. तंत्राचे गुण देत देत आपण कधी कधी अशा मुलाला वर नेतो जो प्रत्येक वेळी योग्य जागी असतो आणि तरीही पक त्याच्या अंगाखालून आत जातो. पहिला फटका अडवल्यानंतर क्रीझमध्ये पक पडलेला आहे, तीन स्टिका त्यावर तुटून पडल्या आहेत आणि गोलरक्षक पोटावर आहे, अशा वेळी कोणतेही शिकवलेले तंत्र लागू पडत नाही. तिथे हात लांबवून, पॅड फेकून, कसेही करून पक झाकणारे मूल वेगळे असते. गोलरक्षक डॉमिनिक हाशेक यांची शैली पाठ्यपुस्तकात बसणारी नव्हती. १९८३ च्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, ते दहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडले गेले आणि पुढे दोनदा एनएचएलचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, शिवाय १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये त्यांनी चेक संघाला सुवर्णपदकापर्यंत नेले. असे खेळाडू विरळा असतात हे मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की तुमच्या चौथ्या उमेदवाराच्या चिकाटीला तक्त्यात एखादा रकाना असलाच पाहिजे, आणि तो शेवटचा, उरलेल्या गुणांचा रकाना नसावा.

ही चिकाटी मोजता येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी काय होते ते लिहून ठेवा. गोल झाल्यानंतर काय होते तेही लिहा, पण इथे सावधगिरी हवी. मूल रडले, त्याने स्टिक आपटली किंवा ते एकदम गप्प झाले, यावरून त्याचे मन कच्चे आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे; बारा वर्षांची मुले आपापल्या स्वभावाप्रमाणे दुःख दाखवतात. त्याऐवजी गोलानंतरचा पुढचा फटका पाहा. आधी क्रीझच्या कडेपर्यंत पुढे येणारा गोलरक्षक आता गोलरेषेला चिकटून उभा आहे का? आधी थांबून राहणारा आता अंदाजाने लवकर खाली बसतो आहे का? उभे राहण्याची जागा बदलली नसेल, तर चेहऱ्यावर काहीही दिसो, ते मूल ठीक आहे.

दोन गोष्टी या चर्चेत आलेल्या नाहीत. गोलरक्षकाला गोलामागून फिरणारा पक थांबवून आपल्या बचावपटूसाठी ठेवता येतो का, आणि बचावपटूंना मोठ्याने आवाज देऊन तो मागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची सूचना देतो का? या वयात हे थोडीच मुले करतात, पण जे करते ते संपूर्ण मैदानाचा खेळ वाचत असते, आणि तो गुण फटक्यांच्या सरावात कधीच दिसत नाही. पक दुसऱ्या टोकाला असतानाही अधूनमधून गोलरक्षकाकडे पाहा. तो खेळाबरोबर पुढेमागे सरकतो आहे की पाण्याची बाटली घेऊन जाळीला टेकला आहे, हे तेव्हाच कळते.

निवडसमिती_सदस्य

तिघांचेही मनापासून आभार. गोलामागे उभे राहण्याची सूचना मी आमच्या दुसऱ्या परीक्षकांनाही कळवली आहे.

उंचीविषयी मात्र अजून स्पष्टता हवी आहे. समितीतल्या एका अनुभवी सदस्यांचे मत असे आहे की आजच्या व्यावसायिक हॉकीत बहुतेक गोलरक्षक सहा फुटांहून उंच असतात, त्यामुळे दोन मुले बरोबरीची वाटल्यास उंच मुलाला घ्यावे. हा युक्तिवाद मला पटतही नाही आणि खोडताही येत नाही.

उत्तर ४: गोलरक्षक_प्रशिक्षक

त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. एनएचएलमध्ये सहा फुटांखालचे गोलरक्षक आता अपवादानेच दिसतात. यूसे सारोस यांच्यासारखा १८० सेंटीमीटर उंचीचा गोलरक्षक लगेच नजरेत भरतो तो त्यामुळेच. परंतु त्या निरीक्षणावरून बारा वर्षांच्या मुलांची निवड करण्यात अडचण अशी की आज उंच असलेले मूल प्रौढपणी उंच असेलच असे नाही. मुलांची वाढ साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वाधिक वेगाने होते, मुलींची त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी. तुमच्या गटातला एखादा मुलगा त्या टप्प्यात शिरलेला असेल, दुसऱ्याची वाढ अजून सुरू व्हायची असेल. त्यात वयोगट कॅलेंडर वर्षाप्रमाणे पाडले जात असल्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल आणि डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल एकाच गटात खेळतात. त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते, आणि या वयात ते फार मोठे असते. म्हणून तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे जन्ममहिना लिहा. गुण त्याने बदलू नका, पण दोन मुले खरोखर बरोबरीची वाटत असतील तर लहान मुलाने तेच काम कमी वयात आणि कमी शरीरबळावर केले आहे, हे समितीच्या ध्यानात राहील.

उंचीचा आजचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो, आणि बारा वर्षांच्या मुलाला व्यावसायिक खेळाडूइतकाच मोठा गोल राखावा लागतो. साधारण १४० सेंटीमीटर उंचीचे मूल बटरफ्लायमध्ये गुडघ्यांवर बसले की त्याचे खांदे १२२ सेंटीमीटरवरच्या आडव्या खांबाच्या बरेच खाली राहतात. त्याने कितीही उत्तम जागा घेतली तरी वरच्या कोपऱ्यात बसलेला फटका त्याच्या हाती नाही. अशा गोलांचा दोष त्याच्या नावावर मांडू नका, कारण तो दोष वाढीबरोबर निघून जातो. उंच मुलाच्या बाबतीत उलटा प्रश्न विचारा. त्याच्या अंगावर आदळलेले पक त्याने पाहिलेले होते का? तो मागे गोलरेषेवर राहूनही निभावून नेतो का? शरीर गोल भरून टाकते म्हणून ज्याला पुढे यायची, कोन कापायची (पुढे येऊन फटक्यासाठीची मोकळी जागा कमी करायची) आणि पाय हलवायची गरजच कधी पडली नाही, त्याची ती कौशल्ये इतर मुले त्याच्या उंचीला पोहोचतील त्या दिवसापर्यंत तयार झालेली नसतात. उंच मुलगा हलतोही चांगला, असे दिसले तर मात्र निःशंकपणे घ्या. उंच आहे म्हणून त्याच्यावर संशय घेणे हाही तितकाच अन्याय आहे.

वाढीच्या वेगवान टप्प्यातून जाणारे मूल काही महिने अवघडल्यासारखे दिसते. हातपाय लांब झालेले असतात, तोल बदललेला असतो आणि गेल्या हंगामात सहज जमणारी हालचाल जड होते. तुमच्या उमेदवारांपैकी कोणी असे दिसत असेल तर त्याच्या मागच्या प्रशिक्षकाशी बोला. याच काळात खुब्याच्या दुखण्याकडेही लक्ष हवे. बटरफ्लायमध्ये मांड्या आतल्या बाजूला फिरतात आणि मांडीच्या हाडाचा माथा खुब्याच्या खोबणीच्या कडेवर घासण्याचा त्रास हॉकी गोलरक्षकांत वारंवार आढळतो. 'दुखते' म्हणणाऱ्या मुलाला त्या दिवशी चाचणीतून सूट देऊन नंतर संधी द्यावी. दुखणे लपवून खेळण्याला बक्षीस मिळते आहे असे त्याला वाटता कामा नये.

गोलरक्षकांचा अंदाज बांधणे किती अवघड आहे याचे एक उदाहरण समितीपुढे ठेवा. २००० सालच्या एनएचएल ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर रिक डीपिएट्रो हे गोलरक्षक निवडले गेले. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत, २०५ व्या क्रमांकावर हेन्रिक लुंडक्विस्ट यांचे नाव पुकारले गेले. डीपिएट्रो यांची कारकीर्द दुखापतींनी खुंटली, तो दोष निवडणाऱ्यांचा म्हणता येणार नाही. पण लुंडक्विस्ट यांनी पुढे न्यूयॉर्क रेंजर्सकडून ४५९ सामने जिंकले, आणि त्यांच्यातले हे सामर्थ्य त्या दिवशी सहा फेऱ्या संपेपर्यंत एकाही संघाला दिसले नव्हते. सर्गेई बोब्रोव्स्की यांना तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नाही. त्यांनी पुढे वर्षातील सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना करंडक दोनदा जिंकला. हे अंदाज पूर्णवेळ निरीक्षकांनी अठराच्या आसपासच्या मुलांविषयी बांधलेले होते. बाराव्या वर्षी व्यावसायिक हॉकीतली उंची डोळ्यांपुढे ठेवून निवड करण्याला त्यामुळे आधार उरत नाही. तुम्हाला या हंगामापुरता संघ निवडायचा आहे आणि कोणते मूल या पातळीवर शिकू शकेल ते ठरवायचे आहे, एवढ्यापुरतेच पाहा.

उत्तर ५: गोलरक्षकाची_आई

तांत्रिक बाबींत भर घालण्याचा माझा अधिकार नाही, परंतु समितीने पुढची गोष्टही आधीच ठरवून ठेवावी अशी विनंती आहे. संघात न घेतलेल्या आक्रमक मुलाला खालच्या संघात खेळायला जागा सापडते, कारण तिथे अनेक जागा असतात. गोलरक्षकाच्या जागा प्रत्येक संघात दोनच. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या मुलांना कोणत्या संघात, साधारण किती सामने खेळायला मिळतील, हे निकालाच्या दिवशी समितीला सांगता आले पाहिजे.

आणि कारण सांगावे. 'या वेळी थोडक्यात हुकले' या वाक्याने मूल काहीच शिकत नाही. घरी येऊन ते स्वतःच कारणे शोधते आणि बहुधा शेवटी झालेल्या गोलाला दोष देते. माझ्या मुलाला एका वर्षी प्रशिक्षकांनी शांतपणे सांगितले होते की डावीकडून उजवीकडे जाताना तो थांबण्याआधीच खाली बसतो. त्या एका वाक्यावर त्याने पूर्ण हंगाम काम केले. चारही मुलांसाठी असे एकेक नेमके वाक्य लिहून, प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे समितीला सहज जमण्यासारखे आहे.

निवडसमिती_सदस्य

ही सूचना मी बैठकीत मांडणार आहे. शेवटची एक शंका: दोन परीक्षकांची मते जुळली नाहीत तर गुणांची सरासरी काढावी का?

उत्तर ६: संघ_प्रशिक्षक

सरासरी काढू नये. प्रथम दोघांनी एकमेकांशी न बोलता गुण आणि टिपणे लिहावीत. बाकावर बसून कुजबुजत केलेले मूल्यमापन हे जो आधी बोलला त्याचे मूल्यमापन असते. मुलांच्या जर्सीवर फक्त क्रमांक असावेत आणि गेल्या वर्षीच्या संघाचे नाव कागदावर नसावे. ज्या परीक्षकाचे स्वतःचे मूल उमेदवारांत आहे त्याने गोलरक्षकांना गुण देऊ नयेत.

त्यानंतर जिथे एक किंवा दोन गुणांचाच फरक आहे तिथे सोडून द्या, आणि जिथे मोठा फरक आहे तिथे टिपणे समोर ठेवून पाहा. बहुतेक वेळा असे निघते की एकाने सरावातले पाहिले होते आणि दुसऱ्याने सामन्यातले. अशा मुलांना आणखी एका सामन्यासाठी बोलवा. दोघांना समोरासमोरच्या गोलांत उभे करा आणि मध्यंतरात त्यांचे संघ बदला, म्हणजे दोघांनाही त्याच आक्रमकांचे फटके आणि तेच बचावपटू मिळतील. त्या वेळी दोन्ही परीक्षकांनी मिळून पहिल्या अर्ध्यात एका गोलरक्षकाच्या गोलामागे उभे राहावे, दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्याच्या, आणि मतभेद नेमका ज्या बाबीवर आहे तेवढीच पाहावी.